गोविंदा, पाळणा आणि आज्ञावली

यंत्रास आज्ञा देण्याची विद्या खेळातून शिकवावी, ही कल्पना जुनीच आहे. सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडविली. पुढे तिच्या आज्ञेने यांत्रिक कासवही चालू लागले. महाराष्ट्रात मात्र या कल्पनेला मराठी मनाच्या ओळखीचे रूप २००८ मध्ये, पुण्यात, लाभले.

आशिया-पॅसिफिक प्रसारणसंघाची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. यजमान देशाने आपल्या संस्कृतीतून विषय सुचवावा, असा तिचा प्रघात. टोकियोने फूजी पर्वत दिला, २००३ मध्ये बँकॉकने ताक्रॉ हा चेंडूचा खेळ. पुण्याने दिला गोविंदा. लोणी चोरण्यासाठी मानवी मनोरे रचणाऱ्या गोपाळांची जागा विद्यार्थ्यांनी बनविलेल्या यंत्रांनी घेतली.

खेळ तीन मिनिटांचा. यंत्रे दोन प्रकारची : एक खेळाडूच्या हाताने चालणारे, दुसरे स्वयंचलित. हा भेद वरकरणी किरकोळ वाटतो, परंतु शिक्षणाचे सारे मर्म त्यात आहे. हातातील यंत्र चुकले तर तत्क्षणी सावरता येते. स्वयंचलित यंत्रास जे सांगावयाचे ते आधीच, निःसंदिग्ध शब्दांत सांगून ठेवावे लागते. मनुष्यभाषेत श्रोता वक्त्याच्या त्रुटी आपल्या समजुतीने भरून काढतो. येथील श्रोता तेवढे औदार्य दाखवीत नाही. वर्गातील सदोष आज्ञावलीस चार गुण तरी मिळतात, मैदानात ती यंत्राला भलतीकडे नेते, आणि तेही सर्वांदेखत!

२०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. या वेळी विषय होता मातापित्यांना वंदन. हाताने चालणारे यंत्र ‘पालक’ आणि स्वयंचलित यंत्र ‘बालक’. पालकाने बालकास सीसॉ, झोपाळा आदी खेळांपर्यंत न्यावयाचे. आज्ञावलीचा अर्थ याहून सुबोध रीतीने क्वचितच मांडला गेला असेल : पालकाची दोरी माणसाच्या हाती, बालकाजवळ मात्र केवळ शिकविलेले तेवढेच.

तथापि अशा स्पर्धेत एक उणीव राहतेच. यंत्र उभारण्यास पैसा, कर्मशाळा आणि मार्गदर्शक लागतात. ज्या महाविद्यालयांत ही सामग्री नाही, तेथील विद्यार्थी प्रेक्षकच राहतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने २०१२ पासून चालविलेली स्पर्धा या दृष्टीने अधिक विचारार्ह वाटते. तीत निवड झालेल्या चमूंना यंत्रच पाठविले जाऊ लागले, सोबत पाठ आणि क्रमाक्रमाने करावयाची कामे. आज्ञावलीबरोबर तिचे लेखी स्पष्टीकरणही तपासले जाई. पवईची अंतिम फेरी गाठणारे थोडेच असत. परंतु यंत्र पोहोचलेले आणि आज्ञावली लिहून पाहिलेले विद्यार्थी त्याहून पुष्कळ असत.