मंद ताऱ्यांची साक्ष

आपल्या मोहल्ल्यात सगळे मिळून आकाशाकडे पाहतात ते चाँदरातीला. रमजानचा किंवा ईदचा चंद्र दिसला, मुबारकबाद दिली की माना खाली येतात. पण मुसलमानांचं ताऱ्यांशी नातं एवढंच नाही. अल्देबरान, रायजेल, अल्तायर ही जगभरच्या नकाशांत छापली जाणारी ताऱ्यांची नावं अरबीतून आलेली आहेत.

पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याजवळून हिवाळ्याच्या रात्री मी मृग नक्षत्र पाहतो तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला आकाशातला सर्वांत ठळक तारा दिसतो. मराठीत तो व्याध, अरबीत अश्-शिअ्रा. सूरह नज्मच्या 49व्या आयतीत त्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. या झगमगत्या ताऱ्याला एक सोबती आहे आणि तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. व्याध किंचित डोलत पुढे सरकतो, यावरून जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी 1844 मध्ये तो असणार असं सांगितलं. 1862 मध्ये अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क यांना तो दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसला. पुढे कळलं की त्याचं वस्तुमान जवळपास सूर्याएवढं, पण आकार पृथ्वीएवढा आहे. चमचाभर द्रव्याचं वजन काही टन. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. इंधन संपलेल्या ताऱ्याचा तो उरलेला गाभा असतो.

या ताऱ्यांच्या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या मुंबईतून सुरू होतं. 31 जुलै 1930 रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नावाचा 19 वर्षांचा तरुण मुंबई बंदरातून जहाजाने इंग्लंडला निघाला. प्रवासात त्याने गणित मांडलं आणि उत्तर असं आलं की श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे. आज ती सूर्याच्या सुमारे 1.4 पट मानली जाते. त्याहून जड गाभा स्वतःच्याच भाराने कोसळत जातो. 11 जानेवारी 1935 रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्याने हे मांडलं. त्यानंतर लगेच त्या काळातले सर्वांत वजनदार शास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी भर सभेत त्याची खिल्ली उडवली. एडिंग्टन चुकले होते, पण दबदबा त्यांचा होता. चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं 1983 मध्ये.

श्वेत बटूत नवीन ऊर्जा तयार होत नाही. चुलीतले निखारे विझत जावेत तसा तो अब्जावधी वर्षं थंड होत राहतो. या थंडावण्याचा हिशेब 1952 मध्ये लिऑन मेस्टेल यांनी मांडला. निखारा किती निवला आहे यावरून चूल कधी विझली ते सांगता येतं, तसंच इथे. म्हणून सर्वांत थंड, सर्वांत मंद श्वेत बटू शोधायचे. एका ठराविक मंदपणाच्या पलीकडे त्यांची संख्या एकदम घटते, कारण त्याहून जास्त निवायला अजून कोणाला वेळच मिळालेला नाही. यावरून 1987 मध्ये डॉन विंगेट आणि सहकाऱ्यांनी आपल्या दीर्घिकेच्या तबकडीचं वय सुमारे 9 अब्ज वर्षं काढलं.

हे तारे सापडणं मात्र कठीण. त्यांपैकी काहींचं पृष्ठभागाचं तापमान 4,000 अंश केल्विनच्याही खाली असतं. निवता तारा लाल होत जावा, ही अपेक्षा. पण यांच्या दाट वातावरणातले हायड्रोजनचे रेणू अवरक्त प्रकाश शोषतात आणि तारा उलट निळसर दिसू लागतो. ज्येष्ठा ताऱ्याच्या जवळ एम-4 नावाचा तारकागुच्छ आहे. हबल दुर्बिणीने त्याच्याकडे एकूण आठ दिवसांइतका वेळ रोखून पाहिलं, तेव्हा तिथले जुने श्वेत बटू हाती लागले. 2002 मध्ये जाहीर झालेल्या त्या कामातून गुच्छाचं वय 12 ते 13 अब्ज वर्षं निघालं. विश्वाच्या वयाला ही एक स्वतंत्र साक्ष मिळाली. ती देणारे तारे साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षाही अब्जपट फिके होते.

इतिहास लिहितानाही आपण झगमगणाऱ्यांकडेच पाहतो. खानदेशात पारोळ्यापासून फार लांब नसलेल्या पाटणला 1207 चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाची त्यात नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांची 'लीलावती' 1587 मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने फारसीत नेली. हाच फैजी पुढे अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या फारुकी दरबारात आला. आपल्या पोरांना अकबराच्या लढाया ठाऊक असतात, हा अनुवाद क्वचितच.

शिवाय काम करणाऱ्याला जागा लागते. पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली 20 इंची दुर्बीण त्या वेळी भारतातली सर्वांत मोठी होती. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करून उपकरणं कोडाईकॅनलला गेली. माणूस गेला की काम थांबलं. खगोलशास्त्राला पुण्यात पुन्हा 'आयुका'सारखं घर मिळायला 1988 साल उजाडलं.

मला वाटतं, आपल्या शाळा-मदरशांतून एखादी साधी दुर्बीण असावी. चाँदरातीला तिच्याभोवती गर्दी होईलच. मग बाकीच्या रात्रीही ती पेटीत ठेवू नये. मुलांना शिअ्रा दाखवावा आणि सांगावं की त्याच्या शेजारी आणखी एक तारा आहे. तो दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका.