रणनीती, बाजारपेठ आणि आज्ञापत्र

व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत सुन् त्झूच्या ‘युद्धकले’ला आता मानाचे स्थान मिळाले आहे. मराठीत त्याच्याच शेजारी शिवछत्रपतींच्या व्यवस्थापनकौशल्यावरील पुस्तके आढळतात. या दोहोंमागील गृहीतक एकच : बाजारपेठ ही रणभूमी, प्रतिस्पर्धी हा शत्रू आणि ग्राहक म्हणजे जिंकून घ्यावयाचा मुलूख. ‘जाहिरातमोहीम’, ‘व्यूहरचना’, ‘बाजारपेठ काबीज करणे’ हे प्रयोग आपल्या भाषेत इतके रुळले आहेत, की ते रूपक आहे याचेही भान उरलेले नाही. हे रूपक काय दाखवते यापेक्षा काय झाकते, हे पाहणे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

सुन् त्झूचा 13 प्रकरणांचा हा ग्रंथ आमियो या जेझुइट पाद्र्याने 1772 साली फ्रेंचमध्ये आणला. लायोनेल जाइल्स यांचा इंग्रजी अनुवाद 1910 चा. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत त्यातून प्रायः हूल देणे, शत्रूचे मर्म ओळखणे, अनपेक्षित ठिकाणी घाला घालणे अशी सूत्रे उचलली जातात. परंतु ग्रंथाचे दुसरे प्रकरण प्रामुख्याने खर्चाचा हिशेब मांडते. लांबलेल्या युद्धातून कोणत्याही राज्याचे भले झालेले नाही, असे तेथे बजावले आहे. अखेरच्या प्रकरणात तर एक लाखाची फौज उभी केली, की सात लाख कुटुंबांच्या कामधंद्यात खंड पडतो, असा हिशेब आहे. युद्धाची झळ पोसणारा माणूस या ग्रंथकाराला दिसतो. व्यवस्थापनाच्या वाचनातून मात्र तोच गळतो.

आपल्याकडील निवडही याच पद्धतीने होते. एप्रिल 1663 मध्ये पुण्याच्या लाल महालात शायिस्ताखानावर पडलेला छापा ‘लहान कंपनीने बलाढ्य कंपनीला कसे नमवावे’ याचा दाखला होतो. दोनच वर्षांनी, 1665 मध्ये, पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले, हा प्रसंग त्या मानाने क्वचितच सांगितला जातो. वास्तविक माघार केव्हा घ्यावी हाही नीतीचाच भाग होय. ‘गनिमी कावा’ हा शब्दप्रयोगही अभिमानाने मिरवला जातो. पण त्यातील ‘गनीम’ हा अरबी शब्द शत्रू, लुटारू अशा अर्थाचा असून मोगल मराठ्यांना त्या नावाने संबोधीत, याचा विसर पडतो.

मात्र व्यापार आणि युद्ध यांच्या संबंधाचा थेट विचार मराठीत पाहावयाचा असेल, तर रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, सामान्यतः 1715 सालच्या मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्राकडे वळावे लागते. त्यात साहूकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. साहूकार ही राज्याची शोभा. त्याच्यामुळे दुर्मिळ वस्तू येतात, अडीअडचणीला कर्ज मिळते, म्हणून त्याचा सांभाळ करावा, अशी अमात्यांची भूमिका आहे. लगेच पुढे ते टोपीकरांना या वर्गातून वेगळे काढतात. टोपीकरही व्यापार करतात. परंतु प्रत्येकामागे त्याचा राजा आहे, आणि राजाला भूमीचा लोभ नाही असे कधी घडत नाही. यास्तव त्यांनी येऊन-जाऊन व्यापार तेवढा करावा. वखारीस जागा देणे भागच पडले, तर ती समुद्रकिनारी वा खाडीच्या मुखाशी देऊ नये, असा हा उपदेश आहे. सौदा करणारा व्यापारी आणि मुलूख जिंकू पाहणारा व्यापारी यांतील भेद अमात्यांनी इतका स्पष्टपणे ओळखला होता.

या इशाऱ्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, 5 नोव्हेंबर 1817 रोजी, खडकीची लढाई झाली. 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते 1600 साली व्यापारासाठी स्थापन झालेल्या एका कंपनीचे निशाण होते. ‘व्यापार हेच युद्ध’ हे वाक्य पुण्याने असे रूपकाबाहेर, प्रत्यक्षात अनुभवले आहे. या शहरात बसून ते वाक्य यशाचा मंत्र म्हणून शिकवताना थोडे अडखळायला हवे, असे आम्हांला वाटते.

हे केवळ रूपक आहे, त्याला इतके ताणू नये, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु कोण दिसावे आणि कोण दिसू नये, हे रूपकच ठरवीत असते. लढाईच्या चित्रात दोनच पक्ष उरतात. व्यापारात मात्र ग्राहक आहे, कामगार आहे, माल पिकवणारा शेतकरी आहे. आज्ञापत्राला हा तिसरा माणूस दिसतो. आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, ती तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे ते सांगते. हे वाक्य युद्धसिद्धतेच्या प्रकरणातले आहे, हे विशेष. जुन्या युद्धग्रंथांतून आजच्या व्यवसायाने काही घ्यायचेच असेल, तर छाप्याच्या युक्त्यांआधी हा हिशेब घ्यावा.