ओ'रायलीच्या नावातला बॅकस्लॅश

२००० च्या आसपासच्या वेबपानांचा मजकूर संशोधनासाठी गोळा करायला बसलात, तर एक विचित्र गोष्ट दिसेल. ओ'रायलीसारख्या आडनावात अवतरणचिन्हाच्या आधी एक बॅकस्लॅश, कधी तीन. टायपिंगची चूक समजून लगेच पुसू नका. बऱ्याचदा तो पुरावा असतो.

मूळ अडचण त्याहून जुनी. कोनी कंसांची पद्धत एचटीएमएलने एसजीएमएलकडून उचलली, आणि ते १९८६ सालीच आयएसओ मानक झालेलं. म्हणजे एकच चिन्ह मजकुरातही येणार आणि ब्राउझरला टॅगची खूण म्हणूनही. तोडही तिथलीच: मजकुरात डावा कोनी कंस हवा असेल तर '&', मग एल आणि टी ही अक्षरं, मग अर्धविराम लिहायचा. हेच एस्केप करणं. ब्राउझर कंस दाखवतो, पण टॅग समजत नाही.

पण हे करायचं कधी? पीएचपीच्या 'मॅजिक कोट्स'चं उत्तर होतं, मजकूर आत येतानाच. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप बॅकस्लॅश लागायचा. हेतू चांगला, नवख्या प्रोग्रामरचा डेटाबेस वाचावा. पण बॅकस्लॅश कळतो डेटाबेसच्या क्वेरीला; ब्राउझरला त्याचं काय? कोनी कंस तर जसेच्या तसे आत जायचे. त्यात प्रोग्रामरने स्वतःही एस्केप केलं, की डेटाबेस एकच थर सोलायचा आणि दुसरा साठून राहायचा. तोच मजकूर पुन्हा एडिट केला की एकाचे तीन!

मायस्पेसची गोष्ट वेगळी. लोकांना प्रोफाइल सजवायला टॅग हवे होते, त्यामुळे सरसकट एस्केप करणं शक्यच नव्हतं. मग धोकादायक शब्द गाळायचे. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकारने 'जावास्क्रिप्ट' हा शब्द मधेच तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणीला तो ओळखता आला नाही, काही ब्राउझरनी मात्र जोडून वाचला. सुमारे २० तासांत १० लाखांहून जास्त प्रोफाइलवर त्याचा कोड पोचला. (माझ्या मते काळी यादी बनवणाऱ्या प्रत्येकाने आधी हे प्रकरण वाचावं.)

पुढे प्रघात बदलला: मजकूर कच्चाच साठवा, आणि जिथे दाखवायचा त्या जागेनुसार, दाखवताना एस्केप करा. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये २००८ च्या १.० आवृत्तीपासून हे आपोआप होतं. पीएचपीने मॅजिक कोट्स २०१२ मध्ये, ५.४ आवृत्तीत, काढून टाकलं. पण तोवर साठलेले बॅकस्लॅश काढायला कोणी आलं नाही. ते आता तुमच्या डेटात आहेत.