डोहाळे, वार आणि महापूर

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’वरून आला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते म्हणून गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे. तिच्या इच्छा डावलल्या तर बाळात व्यंग येते, असेही बजावले आहे. व्यंगांची ती यादी आज टिकत नाही. मला मोलाचे वाटते ते एवढेच, की इच्छा पुरवण्याची जबाबदारी भोवतालच्यांवर टाकली आहे.

या दोन हृदयांमधला दुवा म्हणजे वार. आईच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा बराचसा भाग वारेतले एक विकर निष्प्रभ करते. पण हा बांध सगळेच अडवत नाही. जानेवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये पूर आला, तेव्हा गरोदर असलेल्या स्त्रियांचा संशोधकांनी पुढे मागोवा घेतला, काहींची वारही तपासली. आईला सोसावा लागलेला पूर आणि सहा महिन्यांच्या बाळाचा किरकिरेपणा यांत काही संबंध आढळला. संबंध म्हणजे विधिलिखित नव्हे.

माधवनगरात बसून हे वाचताना ऑगस्ट २०१९ आठवतोच. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी आपण फूट-इंचांत नोंदवतो. निवाऱ्यातल्या गर्भारणीची झोप, धास्ती कोण नोंदवतो? कोरडी जागा, पोटभर जेवण, जवळ आपले माणूस हेच तिथले डोहाळे. किरकिऱ्या बाळावरून आईला बोल लावण्याआधी, ते आपण पुरवले का, हे विचारावे.