प्रौढ विद्यार्थ्याचें विद्यापीठ

१९२३ सालीं नागपुरास विद्यापीठ निघालें, आणि कायद्याच्या पदवीसाठीं चांद्याचा तरुण तिकडे पाहूं लागला. पुढें २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्याकडे आले. चाळिशीच्या माणसास ही सोय लहान नव्हे. कायद्याच्या वर्गांत ७० टक्के हजेरी भरावी लागते; शेती नि संसार टाकून दीडशे किलोमीटरांवर ती भरावयाची कशी?

त्यांतून वयाची अट! २००८ सालीं बार कौन्सिलनें तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास सर्वसाधारण ३० वर्षांची मर्यादा घातली. गंमत अशी कीं, वनहक्क कायद्याच्या नियमांनीं त्याच वर्षीं गांवांतील वृद्धांचें लेखी निवेदन पुरावा म्हणून मान्य केलें. साक्षीस चालणारें वय शिक्षणास चालेना. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या मर्यादेस स्थगिती दिली.

मग जवळचें विद्यापीठ निवडणें ही निव्वळ तडजोड कां मानावी? गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला; बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मात्र २०११ पर्यंत लांबला. हीं मधलीं वर्षें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलीं, तो वर्गांत बसला तर प्राध्यापकांसही त्याला कांहीं विचारावेंसें वाटेल.