२३४ मेंढरं

आमच्या शाळेत न्यूटन यायचा तो सफरचंदासकट. गुरुजी फळ्यावर झाड काढायचे, झाडाखाली माणूस काढायचे आणि लगेच नियम सांगायला लागायचे. हा माणूस शेतकऱ्याच्या घरचा होता, त्याच्या बापाला सही येत नव्हती आणि तो बाप पोराच्या जन्माआधी तीन महिने मेला होता, हे गुरुजींनी कधी सांगितलं नाही. मला ते कळलं साठी उलटल्यावर, तेही त्याच्याच घराच्या अंगणात उभं राहून.

कळलं तेव्हा मी जरा गप्पच झालो. मीही पोटात असतानाच माझा बाप गेला. अशा पोराला आमच्याकडं 'पांढऱ्या पायाचा' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पोराला ऐकू येतंच. बापाचा फोटो नाही. त्याचं असं माझ्याजवळ काय आहे, तर फेरफाराची एक नक्कल. मयत अमुक, वारस पत्नी आणि अज्ञान मुलगा, अ.पा.क. आई. खाली आजोबांचा अंगठा. मी इतिहासाचा मास्तर झालो, दुसऱ्यांची शेकडो कागदपत्रं पोरांना समजावून सांगितली, पण तो कागद घडी मोडून नीट वाचला नव्हता.

लेक नॉटिंगहॅमला असते. तिच्याकडं गेलो असताना एका रविवारी तिनं आम्हा दोघांना गाडीत घातलं आणि लिंकनशर परगण्यात वूल्सथॉर्पला नेलं. ग्रँटम गावापासून दक्षिणेला हे खेडं. चुनखडीच्या दगडाचं दुमजली घर, पुढं सफरचंदाचं झाड. मूळ झाड १८२० च्या वादळात पडलं, पण मुळाशी जीव होता, ते पुन्हा वाढलं. आजूबाजूला शेतं आणि मेंढरं. घर बघताना मला वाटलं, इथं प्रयोगशाळेचा वास नाही, गोठ्याचा आहे. मग या शेतकऱ्याच्या घराण्याचा मागच काढायचा, असं मनानं घेतलं. सोपं काम लेकीनं आणि ग्रंथालयानं केलं. अवघड काम शंभर वर्षांपूर्वीच कॅनन फॉस्टर नावाच्या लिंकनशरच्या एका पाद्र्यानं करून ठेवलं होतं. न्यूटनच्या घराण्याची मृत्युपत्रं आणि चर्चच्या नोंदी जमवून त्यांनी १९२८ साली छापल्या. पुढं रिचर्ड वेस्टफॉल यांनी १९८० च्या आपल्या मोठ्या चरित्रात त्यांचा उपयोग केला. मी या दोघांच्या मागून चाललो.

आधी हे कागद कसले, ते सांगतो. आठवा हेन्री राजा असताना, १५३८ साली, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं वही ठेवावी. आठवड्यात कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला पुरलं, हे पाद्र्यानं दर रविवारी गावच्या कारभाऱ्यांसमोर लिहावं आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. लोक आधी घाबरले. नावं लिहून घेतात म्हणजे नवी पट्टी बसणार, असंच त्यांना वाटलं. जनगणनेचा माणूस आला की आमच्या म्हाताऱ्यांना वाटायचं तसंच. पुढं १५९८ मध्ये ठरलं की नोंदी चामड्याच्या टिकाऊ पानांवर उतरवायच्या आणि दर साली एक नक्कल बिशपकडं धाडायची. गावातली वही उंदरानं खाल्ली तरी बिशपकडं नक्कल सापडते, ती यामुळं.

दुसरा कागद मृत्युपत्राचा. मृत्युपत्रं तेव्हा चर्चच्या कोर्टात सिद्ध व्हायची. १८५८ पर्यंत हेच चाललं. माणूस मरणाला टेकला की लिहिणाऱ्याला बोलवायचं. पहिल्या ओळीत आत्मा देवाला, दुसरीत देह चर्चच्या आवाराला, मग चार पैसे गरिबांना. त्यानंतर खरा संसार सुरू होतो: नातीला कोकरू, धाकट्याला पितळी भांडं, पुतण्याला चांगला कोट, बायकोला घरातली खोली, बहुधा ती दुसरं लग्न करत नाही तोवर.

तिसरा कागद मला सगळ्यांत आवडला. माणूस गेल्यावर शेजारचे दोनचार जाणते लोक घरात यायचे आणि खोलीखोलीतून फिरून पंचनामा करायचे. कपडे आणि थैलीतले पैसे, अंथरूण, कढया, नांगर, जनावरं, कापलेलं गवत, शेतात उभं पीक, सगळ्याला किंमत लावायची. जमीन मात्र धरायची नाही, ती वारसाची. माणसानं पेरलेलं पीक यादीत, पण आपोआप उगवलेलं गवत आणि झाडावरचं फळ जमिनीबरोबर जायचं. म्हणजे त्या अंगणातली झाडावर लटकणारी सफरचंदं पंचांनी मोजायचीच नव्हती.

वंशावळ जुळवताना हे तीन कागद एकमेकांशी ताडून बघावे लागतात. नोंदवही सांगते जन्मलं कोण, मृत्युपत्र सांगतं जगलं कोण. एकाच गावात तीन तीन जॉन असतात, कोण कुणाचा हे मृत्युपत्राशिवाय कळत नाही. त्यात शब्दही फसवतात. जावयासाठी असलेला इंग्रजी शब्द तेव्हा सावत्र मुलालाही लावत, चुलतभावासाठीचा शब्द पुतण्यालाही. आणि बाया तर हातातून निसटतातच. लेक लग्न होऊन गेली की तिचं आडनाव जातं. जुन्या वह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीला बापाचं नाव असतं, आईचं कित्येकदा नसतंच.

आता घराणं. १५२४ सालच्या एका पट्टीत वेस्टबी या खेड्यात सायमन न्यूटन हे नाव येतं. पट्टी चार पेनी, म्हणजे कमीत कमी जेवढी घेत तेवढी. त्याहून गरीब असता तर नाव आलंच नसतं. गरिबाची वंशावळ इथंच संपते, तो कर भरत नाही आणि वाटून द्यायला त्याच्याकडं काही नसतं. सायमनच्या वंशातला जॉन. १५६२ मध्ये मृत्युपत्र लिहिताना तो स्वतःला 'हजबंडमन' म्हणवतो, म्हणजे साधा कसणारा. त्याचा मुलगा, तोही जॉनच, २१ वर्षांनी मरताना 'योमन' म्हणवतो. योमन म्हणजे स्वतः राबणारा, पण बऱ्यापैकी जमीन असलेला, गावात चार माणसांत बसणारा. एका पिढीत एक शब्द बदलला. तो बदलायला किती पावसाळे लागले, किती हिवाळे अर्ध्या पोटी काढले, ते कागदावर नाही. पण शब्दाची किंमत आपल्याला कळते. आमच्याकडं कुळाचा मालक झाला तेव्हा सातबाऱ्यावर एवढाच फरक पडला होता.

याच घराण्यानं १५६१ मध्ये वूल्सथॉर्पला शंभर एकरांहून जास्त जमीन घेतली. तिथं रिचर्ड न्यूटन नांदला. तो १५८८ मध्ये गेला तेव्हा पंचांनी मालमत्ता धरली १०४ पौंडांची आणि मेंढरं ५०. त्याचा मुलगा रॉबर्ट. त्यानं १६२३ मध्ये वूल्सथॉर्पचं मॅनर, म्हणजे गावची छोटी जहागीरच म्हणा, विकत घेतलं. जहागीर काही थोर नव्हती, वर्षाला ३० पौंडांच्या उत्पन्नाची. पण चार पेनी भरणाऱ्या सायमनचे वंशज आता मॅनरचे धनी झाले.

रॉबर्टनं ही सगळी मिळकत आपल्या आयझॅक या मुलाच्या नावे करून दिली, हॅना अ‍ॅस्क्यू या मुलीशी त्याचं लग्न ठरवतानाच. हॅनाच्या माहेरी शिक्षण होतं, तिचा भाऊ विल्यम पाद्री होता. रॉबर्ट १६४१ मध्ये वारला. एप्रिल १६४२ मध्ये लग्न झालं. ऑगस्टमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. आणि ६ ऑक्टोबरला नवऱ्याला पुरलं. वय ३६. संसार सहा महिन्यांचा.

पंच आले. सगळी मिळून किंमत झाली ४५९ पौंड, १२ शिलिंग, ४ पेन्स. गुरं ४६. मेंढरं २३४. त्या भागातल्या साध्या शेतकऱ्याकडं तीसपस्तीस मेंढरं असली तरी पुष्कळ. खळ्यात धान्य, गवत. एवढं सगळं राखणारा माणूस आपलं नाव लिहू शकत नव्हता, तो खूण करायचा. हा आकडा वाचताना मला आमच्या आईचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, "तुझ्या बापाला सहीपुरतं अक्षर न्हवतं, पन जितराब त्याची भाषा वळखायचं."

मग कोल्स्टरवर्थच्या चर्चची नोंद. त्या काळी इंग्रजांचं साल २५ मार्चला बदलायचं. त्यामुळं ऑक्टोबरमधलं बापाचं दफन आणि १ जानेवारीचा पोराचा बाप्तिस्मा वहीत एकाच सालात बसतात, १६४२. आपण ती जानेवारी १६४३ ची धरतो. एका सालात एक आयझॅक न्यूटन गेला, एक आला. पोर नाताळच्या दिवशी जन्मलं, इतकं लहान की जगेल याची खात्री नव्हती. पोर तीन वर्षांचं झालं तेव्हा हॅनानं दुसरं लग्न केलं आणि ती शेजारच्या नॉर्थ विथमला गेली. पोर आजीजवळ राहिलं. बापाची ओळख म्हणावी तर घर, शेतं आणि मेंढरं.

मेंढरांनी त्याला फार सुख दिलं नाही. सतराव्या वर्षी आईनं त्याला शाळेतून काढून शेतीला लावलं. त्या सालचा, म्हणजे १६५९ चा, गावकीच्या कोर्टाचा कागद शिल्लक आहे. ऑक्टोबरमध्ये आयझॅक न्यूटनला दंड झाला: मेंढरं दुसऱ्याच्या रानात सोडली म्हणून ३ शिलिंग ४ पेन्स, डुकरं पिकात शिरली म्हणून १ शिलिंग आणि कुंपण मोडकं ठेवलं म्हणून आणखी १. मी हे लेकीला वाचून दाखवलं तर ती हसून खाली बसली. पण मला त्या पोराची दया आली. त्याचा जीव शेतात नव्हता आणि शेताला त्याचा बाप हवा होता. शेवटी मामानं आणि शाळामास्तरांनी आईला समजावलं आणि १६६१ मध्ये तो केंब्रिजला गेला.

यात इतिहासाच्या मास्तरला चटका लावणारी गोष्ट पुढं आहे. १७०५ मध्ये राणी अ‍ॅननं त्याला 'सर' केलं. 'सर' झाल्यावर घराण्याचं चिन्ह हवं, चिन्हाला वंशावळ हवी. बासष्टी ओलांडलेल्या न्यूटननं स्वतः वंशावळीचे खर्डे केले आणि त्या कचेरीत शपथेवर सादर केले. वेस्टबीच्या जॉनपर्यंत तो गेला, आणि तिथून सर जॉन न्यूटन या सरदार घराण्याशी नातं जोडलं. ज्यानं चंद्र आणि फळ एका हिशेबात बसवले, त्यालाही नुसत्या शेतकऱ्याच्या पोटी जन्मणं पुरेसं वाटलं नाही! चिन्हावर दोन आडवी हाडं होती, नडगीची. आम्हालाही आमच्या कुळाचा राजा शोधून देणारे भेटतात, दक्षिणा घेऊन. त्यांना मी आता हसत नाही.

आणि न सही येणारा बाप मृत्युपत्र करून गेला, पण जगातला सगळ्यांत शिकलेला मुलगा १७२७ मध्ये मृत्युपत्र न करताच गेला. मूलबाळ नव्हतं. जवळजवळ ३२ हजार पौंडांची मालमत्ता आईच्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांची जी मुलं होती, त्यांच्यात वाटली गेली. वूल्सथॉर्पची जमीन कायद्यानं बापाच्या बाजूच्या एका दूरच्या जॉन न्यूटनकडं गेली. काही वर्षांतच ती विकली गेली. सायमनपासून शंभर वर्षं घासून मिळवलेलं घर असं हातचं गेलं.

परत आल्यावर मी फेरफाराची नक्कल काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. क्षेत्र, आकार, वारस. जनावरं नाहीत, भांडी नाहीत. आमच्याकडं पंच घरात शिरून कढया मोजत नाहीत. म्हणून मी वही घेतली आणि थोरल्या चुलतीजवळ जाऊन बसलो. वय नव्वदीच्या घरात, पण डोकं साफ. म्हटलं, "चुलते, माझा बाप गेला तेव्हा घरात काय काय होतं, सांग. लिहून घेतो."

"आता कशाला रं?"

"असू दे."

तिनं डोळे मिटून घर फिरायला सुरुवात केली. दोन बैल, एकाचं शिंग मोडकं. एक गाय. नांगर, कुळव. पाण्याचा तांब्याचा हंडा, तिच्या सासूचा. दोन घोंगड्या. शेरडं. मी विचारलं किती, ती म्हणाली सात. मी लिहिलं. ती थोडा वेळ बोटं मोजत राहिली आणि म्हणाली,

"सात लिव्हलंस? आठ लिही. आठवं तुझ्या आईच्या बाळंतपणाला इकलं."