इर्शाळवाडी

इर्शाळवाडी : रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील ठाकर जमातीची एक डोंगरवाडी. इर्शाळगडाच्या उतारावर वसलेली ही वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून उद्ध्वस्त झाली. त्या वेळी तीत सु. ४८ घरे व २२८ लोकसंख्या होती.

प्रबळगडाजवळील इर्शाळगडावरून वाडीस नाव मिळाले. पायथ्यापासून वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता; पायवाटेने तास-दीड तास चढावे लागे. पेण, रोहा, कर्जत व खालापूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी यांच्या अशा अनेक वाड्या आहेत. उतारावरील भात, नाचणी व वरई यांची शेती, रानातील उत्पन्न आणि मोलमजुरी ही तेथील उपजीविकेची साधने होत. जनगणनेत गणना महसुली गावाची होते. वाडीची लोकसंख्या मूळ गावात मिळवली जाते. त्यामुळे जनगणनेच्या प्रसिद्ध आकडेवारीत अशा वाड्यांची वाढ वा घट सहसा वेगळी दिसत नाही. इर्शाळवाडीची माणसे एकेक करून मोजली गेली, ती दुर्घटनेनंतर.

सह्याद्रीच्या या भागातील खडक बेसाल्टचा आहे. त्याची झीज होऊन उतारावर माती व दगडगोटे यांचा थर साचतो. पावसाचे पाणी मुरून हा थर जड व सैल होतो आणि खालच्या कठीण खडकावरून घसरतो. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत तेथे ४९९ मिमी. पाऊस पडला होता. दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत मात्र या वाडीचा समावेश नव्हता. यंत्रसामग्री वर नेणे अशक्य झाल्याने ढिगारे हातांनी उपसावे लागले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते व ५७ जण बेपत्ता होते. १४४ जण वाचले होते.

याच जिल्ह्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते (२००५) आणि तळिये (२२ जुलै २०२१) येथे, तसेच पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४) येथे अशाच दुर्घटना घडल्या होत्या. इर्शाळवाडीच्या बचावलेल्या कुटुंबांना प्रथम चौकजवळ तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवण्यात आले. नंतर सिडकोने त्यांच्यासाठी मानिवली येथे ४४ घरांची वसाहत बांधली. पुनर्वसनाने घर सुरक्षित जागी आले. परंतु ज्या शेतीसाठी व रानासाठी वस्ती डोंगरावर राहिली होती, त्यांपासून ते दुरावले. दरडप्रवण उतारांवरील इतर वाड्यांपुढेही हाच प्रश्न आहे. त्यांची स्वतंत्र नोंद व उतारांची पाहणी ही त्यांच्या संरक्षणाची पहिली पायरी होय.